ब्राउझरमध्ये कोडिंग करायचंय? आधी बघा कोड रन कुठे होतो

लॅपटॉपची रॅम ४ जीबी आहे किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉलच करू देत नाहीत, अशा मुलांना ब्राउझरमधलं कोडिंग खरंच उपयोगाचं आहे, पण व्हिडिओत दिसलं म्हणून कुठलंही टूल उघडू नका. आधी एवढंच बघा की कोड तुमच्या मशीनवर रन होतो का त्या टूलवाल्यांच्या सर्व्हरवर, बाकीचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

नुसतं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकताय तर कोडपेन बास झालं, फक्त फ्री अकाउंटवरचं काम सगळ्यांना दिसतं त्यामुळे एपीआय की (दुसऱ्या सर्व्हिसचा तुमचा पासवर्डसारखा कोड) वगैरे त्यात टाकायची नाही. रिअ‍ॅक्ट (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी), नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर स्टॅकब्लिट्झ घ्या, ते नोडला तुमच्या ब्राउझरच्या आतच चालवतं, त्यामुळे मस्त फास्ट आहे पण रॅम तुमचीच खातं, बाकीचे टॅब बंद ठेवा.

पायथन आणि मशीन लर्निंगसाठी गूगल कोलॅब. सगळं गूगलच्या मशीनवर चालतं म्हणून जुन्या लॅपटॉपला ताण येत नाही. पण नोटबुक ड्राइव्हमध्ये सेव्ह होते म्हणून सगळंच सेव्ह झालं असं मुलांना वाटतं आणि तसं नसतं, अपलोड केलेली सीएसव्ही, ट्रेन केलेलं मॉडेल त्या तात्पुरत्या मशीनवर असतं, रनटाइम, म्हणजे ते मशीन, गेला की तेही गेलं. फ्रीमध्ये एका वेळी जास्तीत जास्त १२ तास मिळतात आणि जीपीयूची (मॉडेल पटकन ट्रेन करणारी चिप) गॅरंटी नाही. म्हणून सुरुवातीलाच ड्राइव्ह माउंट करा, म्हणजे नोटबुकला जोडा, आणि ट्रेनिंग चालू असताना चेकपॉइंट (तोपर्यंत ट्रेन झालेलं मॉडेल) तिथे टाकत रहा, सबमिशनच्या आदल्या रात्री तर नक्कीच.

टर्मिनल, डेटाबेस, जावा, सी असं सगळं पाहिजे तर गिटहब कोडस्पेसेस, आख्खं लिनक्स मशीन हातात येतं. फ्री पर्सनल अकाउंटला महिन्याला १२० कोअर-तास (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) मिळतात, हा आकडा नीट समजून घ्या, २ कोअरचं मशीन घेतलं तर प्रत्यक्षात ६० तास, ४ कोअरचं घेतलं तर ३० च. टॅब बंद केला तरी मशीन लगेच थांबत नाही, डीफॉल्ट सेटिंगमध्ये ३० मिनिटं काही केलं नाही की मग थांबतं आणि ती मिनिटंही मोजली जातात, त्यामुळे काम झालं की स्वतः स्टॉप करा. आणि ३० दिवस उघडलंच नाही तर ते डिलीट होतं, पुश न केलेल्या, म्हणजे गिटहबवर न पाठवलेल्या कोडसकट! एखादीच फाइल दुरुस्त करायची असेल तर हे सगळं नको, गिटहबवर रेपो (प्रोजेक्टचं फोल्डर) उघडून कीबोर्डवर फुलस्टॉप दाबा, एडिटर उघडतो, टर्मिनल नसतं पण तासही जात नाहीत.

अजून एक, या सर्व्हिसेस बंदही पडतात. अशीच ब्राउझरमधली दोन टूल्स बघा, अ‍ॅमेझॉनचं क्लाउड९ जुलै २०२४ पासून नवीन लोकांना मिळत नाही, ग्लिचने जुलै २०२५ मध्ये प्रोजेक्ट होस्टिंगच थांबवलं. म्हणून कुठल्याही टूलवर सेमिस्टरचा प्रोजेक्ट टाकण्याआधी तिथे एक छोटासा प्रोजेक्ट बनवा, झिप डाउनलोड करा किंवा गिटला पुश करा आणि मित्राच्या मशीनवर उघडून बघा. तिथे चालला तरच पुढे जा.