तुऱ्यावरचा काळा डाग: देवी की टोचलेली जखम?

पाऊस सरत आला आणि डास वाढले की परसातल्या कोंबड्यांच्या तुऱ्यावर काळे डाग दिसू लागतात. डाग दिसला की हाताला येईल ते मलम फासू नका. आधी कोंबडी काखेत धरा, उजेडात न्या आणि तुऱ्यावरून बोट फिरवा.

दुसऱ्या कोंबडीने चोचीने टोचलेली जखम असेल तर वाळलेल्या रक्ताची सपाट खपली बोटाला लागते आणि ओल्या कापसाने भिजवली की सुटते. देवीचं, म्हणजे कोंबड्यांच्या फाउल पॉक्स रोगाचं, तसं नाही. आधी बारीक पिवळट फोड येतात, मग ते चामखिळीसारखे खडबडीत होऊन काळपट पडतात. चोचीचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडाही तपासा. काही दिवसांत दुसऱ्या कोंबडीलाही तेच दिसलं, तर देवीच समजा.

हा विषाणूचा रोग. अँटिबायोटिकने देवी जात नाही, फोडात पू झाला तरच पशुवैद्यक ते देतात. खपल्या साधारण 2 ते 4 आठवड्यांत आपोआप गळतात, तोवर डोळे सांभाळून पोव्हिडोन आयोडीन टेकवत राहा. खरवडायचं मात्र नाही. मी एकदा हौसेने नखाने खपली काढली. रक्त आलं, बाकीच्या कोंबड्या त्या लाल ठिपक्यावर तुटून पडल्या आणि तुऱ्याचा शेंडाच गेला. गळालेल्या खपल्यांत विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून खालचा भुसा काढून जाळा. डास देवी पसरवतात, म्हणून साचलेलं पाणी उपसा. चोच उघडून आत बघा: पिवळट, चिवट थर आणि श्वासाला घरघर असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. निरोगी पक्ष्यांना पंखाच्या पातळ पडद्यात लस टोचतात. 7 ते 10 दिवसांनी तिथे छोटी गाठ किंवा खपली दिसली तर लस लागली.

दुसऱ्या कोंबड्यांनी टोचून जखमी केलेली कोंबडी जखम भरेपर्यंत वेगळी ठेवा, आणि खुराड्यात दाटी झालीय का तेही बघा.

तुरा फिका पडला म्हणून लगेच घाबरू नका. खुडूक बसलेल्या किंवा पिसं झडणाऱ्या कोंबडीचा तुरा आक्रसतोच. अंडी देणारी कोंबडी पांढरी पडली तर मात्र रात्री बॅटरी घेऊन जा आणि बसायच्या दांड्याखालून पांढरा कागद घासा. कागदावर लाल रेघा उमटल्या तर रक्त पिणारे कीटक फटींत दडलेले आहेत. कोंबडीइतकाच उपचार दांड्यांना आणि फटींना हवा. कीटक नसतील तर विष्ठा तपासून मगच जंताचं औषध द्या.

पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर ही बुरशी. हातमोजे घाला, ती माणसालाही लागू शकते. बुरशीनाशक मलम पशुवैद्यकाला विचारून लावा.

तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं आणि एकापाठोपाठ पक्षी मरू लागले, तर घरगुती उपाय करत बसू नका. बर्ड फ्लू असू शकतो. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, चिरून बघू नका, उरलेल्या विकू नका. खुराडं बंद करा आणि लगेच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.