धुळ्याहून तोरणमाळ: मोटारसायकलवर मोबाइलचा नकाशा कसा वापरावा

शहादा सोडून गाडी सातपुड्याकडे वळली की मोबाइलची रेंज ये-जा करू लागते. तोरणमाळ या सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी पहिल्यांदा निघालो तेव्हा मी नकाशा घरून उतरवून घेतला नव्हता. वाटेत चहाला थांबलो तेवढ्यात ॲप बंद झालं. पुन्हा उघडलं तर निळा ठिपका बरोबर जागेवर, पण त्याच्याभोवती एकही रस्ता नाही. ठिपका उपग्रहावरून येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. रस्ते मात्र इंटरनेटवरून येतात. म्हणून मोबाइलच्या भरवशावर निघायचं तर खरी तयारी आदल्या रात्री घरी बसूनच करावी लागते.

आधी नकाशा उतरवा

गूगल मॅप्समध्ये कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारा, ऑफलाइन नकाशे उघडा आणि चौकट ओढून धुळे, शिरपूर, दोंडाईचा, शहादा, तोरणमाळ हा सगळा पट्टा तिच्यात घ्या. चौकट थोडी मोठीच ठेवा, कारण रस्ता चुकतो तो नेमका कडेला. घरच्या वायफायवर डाउनलोड करा. हे नकाशे काही काळाने जुने होतात, त्यामुळे निघण्याआधी एकदा अपडेट करा. ऑफलाइन असताना ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत. जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ठेवलं तर आणखी बरं. ही ॲप मुळात ऑफलाइनसाठीच बनवलेली आहेत.

मग रस्ता तपासा

ठिकाण शोधताना तालुका आणि जिल्हा पाहूनच बोट ठेवा. नेर धुळे तालुक्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही आहे. अमळनेर जळगाव जिल्ह्यात आहे, तसं बीडमध्येही. नंदुरबारमधला तालुका अक्राणी, पण त्याचं मुख्य गाव धडगाव. नकाशात एक नाव सापडलं नाही तर दुसरं टाकून पाहा.

आता दुचाकीचं चिन्ह निवडा. गूगलने ही सोय 2017च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा भारतातच आणली. ती उपयोगी आहे, पण सर्वात जास्त फसगतही तिच्यातच होते. मोटार जाऊ शकत नाही अशी वाट ती दुचाकीला दाखवते, आणि आपल्याकडे अशी वाट म्हणजे बहुतेकदा शिवाररस्ता. उन्हाळ्यात तो चालून जातो. एक पाऊस पडला की तापीकाठची काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरणं बंद होतं, मग काडीने चिखल उकरत बसावं लागतं. म्हणून उपग्रहचित्राचा थर लावून सगळा रस्ता बोटाने फिरून पाहा. डांबरी रस्ता करडा आणि सलग दिसतो, मातीचा तपकिरी आणि तुटक. पावसाळ्यात पाच किलोमीटर वाचवणारी वाट सरळ सोडून द्या.

धुळ्याहून शहाद्याला दोंडाईचा-सारंगखेड्यावरून जाता येतं, किंवा आग्रा रोडने शिरपूर गाठून तिथून पश्चिमेला वळता येतं. ॲप मिनिटं मोजून एक रस्ता निवडतं. तुम्हाला दुसरा हवा असेल तर शिरपूर मधला थांबा म्हणून घाला. दोन्हीकडे तापी ओलांडायची आहे हे ध्यानात असू द्या. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी चढली की पुलाची बातमी नकाशाआधी गावात पोहोचते. पावसाळ्यात निघण्याआधी तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन कराच.

फोन बसवणं आणि ऐकणं

होल्डर चारही कोपऱ्यांनी धरणारा घ्या आणि हँडलवर स्पीडोमीटर झाकणार नाही असा बसवा. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचा स्थिरीकरणाचा भाग बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने 2021मध्ये दिला होता. महागडा फोन असेल तर कंप शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर फोन सरळ खिशात ठेवा आणि आवाजावर चाला.

मला तर आवाजावर चालणंच जास्त पटतं. सेटिंग्जमधल्या नेव्हिगेशनमध्ये मराठी आवाज निवडता येतो. हेल्मेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्पीकर लावा. दोन्ही कानांत ईअरफोन घालू नका, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायलाच हवा. 1 ऑक्टोबर 2020पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यापुरता, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. पत्ता बदलायचा असेल तर गाडी बाजूला घ्या, स्टँडवर लावा, मग बोट लावा.

ऊन

ॲपल आपले फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45च्या आसपास जातो, त्यात फोन उन्हात, चार्जिंगला लावलेला आणि पडदा सतत चालू. अशा वेळी पडदा आधी मंद होतो, मग फोन बंद पडतो. पहाटे निघा. प्लास्टिकचं पाऊच फक्त पावसात वापरा, उन्हात ते आत उष्णता कोंडतं. फोन तापला तर चार्जर काढा, सावलीत थांबा. त्यावर थंड पाणी ओतू नका.

घाटाआधी

तोरणमाळ साधारण 1150 मीटर उंचीवर आहे आणि वर जाताना सातपायरी घाटाची वळणं लागतात. तिथे पडद्याकडे बघायचंच नाही. रस्ता एकच आहे, नजर वळणावर हवी. घाटाआधीच्या शेवटच्या टपरीवर थांबा. "कथा जाई ऱ्हायना भाऊ?" (कुठे चाललास भाऊ?) असं कुणीतरी अहिराणीत विचारेलच. तेव्हा दरड, खडी, रस्त्याचं काम यांची चौकशी करून घ्या. नकाशात काही दिसलं आणि टपरीवाल्याने काही वेगळं सांगितलं, तर मी टपरीवाल्याचं ऐकतो.

आणि शहाद्यातच, रेंज असताना, घरी एक मेसेज टाका: कुठे चाललो, कोणत्या रस्त्याने, किती वाजेपर्यंत परत रेंजमध्ये येतो. लाइव्ह लोकेशन सुरू करून ठेवलं तरी इंटरनेट गेलं की ते जिथल्या तिथे थांबतं, आणि घरचे त्याच ठिपक्याकडे बघत बसतात.