मुलांना मोठे खेकडे दाखवताना या चुका टाळा

मृगाचे चार पाऊस झाले की पाटण, जावळी आणि शिराळ्याकडच्या ओढ्यांकाठी व भातखाचरांच्या बांधांवर मोठे खेकडे बिळांतून बाहेर पडतात. लहान मुलांना ते दाखवायला नेणारे पालक आणि शिक्षक दरवर्षी त्याच त्या चुका करतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत वाईट चूक म्हणजे खेकडा 'निर्धोक' करून मुलांच्या हाती देणे. पाटण तालुक्यातील एका ओढ्यावर बालवाडीच्या मुलांची सहल आली होती. सोबतच्या एका गृहस्थांनी तळहाताएवढ्या नराच्या दोन्ही नांग्या मुळापासून पिरगाळून काढल्या आणि आता तो चावणार नाही असे सांगून तो मुलांमध्ये सोडला. मुले थोडा वेळ हसली. मग एका मुलीने विचारले, "आता हा खाणार कशानं?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण खेकडा नांगीनेच अन्न धरतो, तोडतो आणि तोंडाशी नेतो. संकटात तो स्वतःहून पाय टाकून देतो, तेव्हा तो ठरलेल्या सांध्यापाशी तुटतो आणि जखम लवकर बंद होते. माणसाने ओढून काढलेल्या नांगीचे तसे होईलच असे नाही. नवी नांगी कात टाकताना येते, तीही आधी लहान असते, आणि पूर्ण वाढलेला खेकडा वारंवार कात टाकत नाही. पाच मिनिटांच्या करमणुकीसाठी हा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही. मी स्वतः कवचाच्या मागच्या कडेला वरून अंगठा व खालून बोटे लावून खेकडा धरतो, कारण तिथे नांगी पोहोचत नाही. मुलांनी हात मागे बांधून नुसते पाहायचे, असा माझा नियम आहे. चुकून बोट सापडलेच तर हिसका देऊ नये. हात खेकड्यासकट पाण्यात किंवा जमिनीवर टेकवावा, म्हणजे तो बहुधा स्वतःच सोडतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बादली. नळाच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादलीत आठ-दहा खेकडे कोंबतात आणि तासाभराने ते मलूल का पडले म्हणून विचारतात. खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले ओले असले की आपल्याकडचा ओढ्यातला खेकडा हवेतही बराच वेळ राहतो, पण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला आणि वर यायला दगड नसला की तो गुदमरतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही त्याला बाधते. म्हणून मी पसरट घमेल्यात ओढ्याचेच दोन बोटे पाणी घेतो, मधोमध एक दगड ठेवतो, घमेले सावलीत ठेवतो आणि त्यात एका वेळी एकच खेकडा सोडतो. त्याच्या तोंडाशी फेस आला तर तो चिडल्याची खूण नसते. कल्ल्यांतल्या पाण्यात हवा मिसळल्याने तसे होते. मुलांना हे दाखवून झाले की त्याला जिथून उचलला तिथेच सोडावे.

बिळात हात घालू नये. आत साप असू शकतो. नुकतीच कात टाकलेल्या मऊ खेकड्याला हात लावू नये. चांदोलीसारख्या राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच उचलू नये. घरी मोबाईलवर पाय ताणल्यास साडेतीन मीटरांहून अधिक पसरणारा जपानचा समुद्री खेकडा आधी दाखवला, की ओढ्यावरचा खेकडा मुलांना क्षुल्लक वाटतो. ते चित्र परत आल्यावर दाखवावे.

घाईने खेकडा उलटा करणाऱ्यांना शेवटची सूचना. पोटाखालची घडी अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी, हे मुलांना जरूर सांगावे. मात्र फुगलेल्या घडीची मादी उचलू नये. समुद्रातल्या खेकड्यांची अंडी फुटून पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या निघतात. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट इवले खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या त्या घडीखाली चिकटून राहतात. धडपडीत ते सुटून वाहून जाऊ शकतात. अशी मादी दिसल्यास मुलांना चार हात लांब खाली बसवावे आणि ती स्वतः हलेपर्यंत थांबावे.