मुंबईत लाकडी डेकचा खर्च कसा काढावा

फोनवर ‘डेकचा फुटाला भाव काय?’ असं कुणी विचारलं, की मी आधी मजला कितवा आणि समुद्र किती लांब ते विचारतो. माझा धंदाच डेक, म्हणजे गच्चीवर किंवा अंगणात फ्रेमवर ठोकलेली फळ्यांची जमीन, बसवण्याचा आहे. एवढं कळल्याशिवाय कुणी भाव सांगत असेल तर तो धरून चालू नका.

लाकडापासून सुरुवात करू. सागवान घनफुटावर मिळतं. 100 चौरस फुटांना एक इंच जाडीने 8.33 घनफूट लागतं. पण चिरलेली एक इंची फळी रंधा मारल्यावर एक इंच राहत नाही. तयार 25 मिमी हवी असेल तर सव्वा इंची तरी घ्यावी लागते, म्हणजे साडेदहा घनफुटांच्या आसपास. शिवाय कापाकापीत वाया जाणारं वेगळं. ‘जाडी रंध्यानंतरची’ हे शब्द कोटेशनमध्ये लिहून घ्याच. दोन कोटेशनांतला निम्मा फरक बऱ्याचदा इथेच सापडतो.

मग हवामान. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस, मुंबईत 2000 च्या वर. त्यात वरळी, वर्सोव्याला खारं वारं. तिथे 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूवरही तांबूस डाग चढतात, म्हणून महाग असला तरी 316 ग्रेडचाच घ्या. खालची फ्रेम साध्या लोखंडाची नको, ॲल्युमिनियमची करा. दरवर्षी मे महिन्यात तेलाचा हात द्यावा लागतो, तोही खर्चात धरा.

गच्ची असेल तर डेकआधी पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का बघा. गळती नंतर निघाली तर अख्खा डेक उचलावा लागतो. स्लॅबला भोक पाडू देऊ नका. पाणी वाहून जायच्या जाळीवरचा डेकचा भाग उचलता येईल असा सुटा ठेवा.

लांब फळ्या लिफ्टमध्ये मावत नाहीत, त्यामुळे जिन्याची हमाली मजल्यागणिक वाढते. सोसायटीच्या कामाच्या वेळा कमी असतील तर मजुरीचे दिवसही वाढतात.

अलिबागला जिन्याची हमाली वाचते, पण मुंबईहून माल आणि सुतार नेला तर वाहतूक आणि राहण्याचा खर्च येतो. जमिनीवर वाळवीचा बंदोबस्त हवाच; खांब मातीत न पुरता काँक्रीटच्या ओट्यावर उभे करा.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात ओल धरलेली फळी बसवली, तर उन्हाळ्यात ती आकसते आणि फटी रुंदावतात.