भाड्याने राहायचं की घर घ्यायचं? आपल्या खान्देशात ठरवताना या चुका टाळा

"भाडं म्हणजे पैसा पाण्यात" हे आपल्याकडे इतकं ऐकू येतं की ते खरं का खोटं हे कोणी हिशोब करून बघतच नाही. त्यात सोयरीक जुळवायला गेलं की शेती किती विचारून झालं की लगेच "घर सोताचं का भाड्याचं?" येतंच, म्हणून तीस-पस्तीस हजार पगारवाला पोरगा पण लग्नाआधी वीस लाखाचं लोन डोक्यावर घेऊन बसतो. घर घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, पण जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेरकडे लोक ज्या त्याच त्याच चुका करतात त्या एकदा बघून घ्या.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे भाडं आणि हप्ता शेजारी-शेजारी ठेवून बघणं. "भाडं ८ हजार जातंय, थोडे अजून टाकले की हप्ता बसतो." बसत नाही भाऊ. समजा फ्लॅट २५ लाखाचा, लोन २० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो साधारण १७,३५० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात १४ हजारांच्या वर निव्वळ व्याज असतं, मुद्दल फिटतं जेमतेम ३,२०० रुपये. म्हणजे भाडं पाण्यात जातंय म्हणून रडायचं आणि व्याजाचे १४ हजार कुठे जातात ते विचारायचं नाही, असा हा प्रकार. वर जे ५ लाख आपण घातले ते एफडीत असते तर महिन्याला अडीच-पावणेतीन हजार आले असते, ते पण गेले. घरपट्टी, मेंटेनन्स वेगळा. मुद्दल सोडून खरा खर्च १८ हजारांच्या घरात आणि तसाच फ्लॅट भाड्याने ८ हजारात मिळतोय, फरक महिन्याला १० हजार. तो भरून निघायचा तर घराची किंमत दरवर्षी पाच टक्क्यांच्या आसपास वाढली पाहिजे. रोडटच चांगल्या एरियात वाढते पण, नाही असं नाही, पण गावाबाहेरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या फ्लॅटची वाढतेच असं कोणी लिहून देत नाही, आणि आपल्याकडे विकायला काढलं की गिऱ्हाईक मिळायला वर्ष-वर्ष जातं.

आता दुसरी बाजू. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढलं तर आजचे ८ हजार दहा वर्षांनी १३ हजार होतात आणि हप्ता मात्र जवळपास तिथेच राहतो. म्हणून माझं मत सरळ आहे, त्याच गावात सात-आठ वर्षं नक्की राहणार असाल तर घ्यायचा विचार करा, नाहीतर नको. रेल्वेत, बँकेत किंवा झेडपीत बदलीची नोकरी असेल, किंवा पोरगा दहावीला आलाय आणि पुढे पुण्या-नाशिकला जायचं घरात आत्ताच बोलणं चालू आहे, तर इथे घर घेऊन त्याला कुलूप लावण्यात काय पॉइंट आहे?

पुढची चूक, सगळी बचत डाऊन पेमेंटमध्ये ओतणं. २५ लाखाच्या घराला महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी साधारण ६ टक्के धरा, म्हणजे दीड लाख, रजिस्ट्रेशनचा १ टक्का (जास्तीत जास्त ३० हजार) म्हणजे अजून २५ हजार, आणि या पैशासाठी बँक सहसा लोन देत नाही, ते खिशातून. बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये जीएसटी पण लागतो, परवडणाऱ्या घरात बसलं तर १ टक्का नाहीतर ५, कम्प्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या घराला लागत नाही. मग ग्रिल, पंखे, किचन ट्रॉली, वास्तुशांतीला दीडशे पान. लोक शेवटी बायकोचं सोनं गहाण टाकून गृहप्रवेश करतात आणि पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला हात पसरतात. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहत नसतील तर अजून वर्षभर भाड्याने राहा. एक मात्र करा, घर फक्त घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे.

शेतीच्या भरवशावर हप्ता ठरवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, केळीचा माल निघेल तेव्हा, आणि मे-जूनमध्ये एक वादळ आलं की बाग आडवी. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. हप्ता फक्त पगारातून किंवा दुकानातून निघेल एवढाच ठेवा, हातात येणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, आणि शेतीचा पैसा आला की जादाचं मुद्दल भरा. फ्लोटिंग रेटच्या (म्हणजे व्याज वर-खाली होणाऱ्या) होम लोनला आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही.

आता घर बघायला कधी जायचं. लोक दिवाळीच्या सुट्टीत सकाळी दहाला जातात, गार हवा, रंग दिलेला, पसंत! मे महिन्यात दुपारी तीनला जा. पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली उभं राहून बघा, रात्री अकरापर्यंत भिंती गरमी फेकत राहतात. गावाकडच्या धाब्याच्या घरात कूलरशिवाय झोप लागायची, इथे कूलर फुल करून पण नाही, आणि कूलरला पाणी लागतंच. पाणी किती दिवसांआड येतं, टाकी किती लिटरची, बोअर उन्हाळ्यात चालतो का, हे बिल्डरला नाही, खालच्या मजल्यावरच्या मावशींना विचारा, त्या टँकरचा रेट पण सांगतील.

आणि माती बघा. तापीकाठची आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वावरं एनए (बिगरशेती) करून त्यावर घाईघाईत उभ्या केलेल्या रो-हाऊसचा पाया उथळ असला की घर तिच्यासोबत हलतं. ओळखायचं कसं? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, दार चौकटीत घासणं, भिंतीकडेची फरशी खाली बसलेली. केसासारख्या बारीक भेगा प्लास्टरच्या असू शकतात, पण पेन्सिलचं टोक आत जातंय तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. घर आधीच घेतलंय आणि भेगा पडल्या तर आधी पुट्टी मारू नका, फोटो काढा. रेरात (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) रजिस्टर असलेली स्कीम असेल तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो, तक्रार लेखी द्या. तोपर्यंत पायाजवळ पाणी मुरू देऊ नका, बाथरूमचा पाइप लीक आहे का बघा, घराभोवती फरसबंदी करून घ्या, भिंतीला लागून मोठं झाड लावू नका.

कागदांचं थोडक्यात. स्वस्त प्लॉट दिसला की एनएचे कागद आणि मंजूर लेआउट मागा, नुसती नोटरी आणि "सगळे असंच घेतात" यावर एक रुपया देऊ नका. जुनं वडिलोपार्जित घर घेत असाल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, लग्न होऊन सुरतला गेलेल्या बहिणीची पण. तिचा हक्क भावाइतकाच आहे आणि नंतर ती कोर्टात गेली तर अडकणार तुम्ही.

पंतप्रधान आवासच्या सबसिडीवर बजेट बसवणारे पण बरेच आहेत. शहरी योजनेत घरच्यांपैकी कोणाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको अशी अट आहे. म्हणून गावच्या नमुना ८ ला (घरांच्या नोंदवहीत) तुमचं किंवा बायकोचं नाव लागलंय का ते आधी ग्रामपंचायतीत बघून या.

भाड्याने राहणारे पण चुका करतात. ओळखीचे आहेत म्हणून करारच करत नाहीत, मग जानेवारीत घरमालक काका म्हणतात "पोरगी येतेय, खोल्या खाली करा" आणि पोरांची शाळा अर्ध्यात. अकरा महिन्यांचा करार पण रजिस्टर करावा लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, ऑनलाइन घरबसल्या होतं. करार एप्रिल-मेमध्ये संपेल असा करा, भाडेवाढ किती ते लिहून घ्या, आणि लाईटचं सबमीटर असेल तर युनिटचा रेट पण लिहा, नाहीतर उन्हाळ्यात कूलरच्या बिलावरून भांडणं ठरलेली.

आणि घर घेऊन फसलाच असाल, हप्ता झेपत नसेल, तर हप्ते थकवून बँकेचे फोन टाळत बसू नका. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या हिशोबात थकीत कर्ज) होतं आणि पुढे सगळं अवघड. त्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा, व्याजदर जुनाच चालू आहे का विचारा, थोडी फी भरून तो कमी होतो बऱ्याचदा. तरी जमत नसेल तर घर भाड्याने द्या आणि आपण लहान घरात राहायला जा. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या, हप्ता काही ते भरणार नाहीयेत.