मुंबई दूरदर्शन केंद्राचा इतिहास कसा नोंदवावा

मुंबई दूरदर्शन केंद्राचा इतिहास लिहायला घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, ती अशी की सुरुवातीच्या वर्षांतील बहुतेक कार्यक्रम आता पाहायला मिळणार नाहीत. अनेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, आणि जे ध्वनिचित्रमुद्रित होत त्यांच्या टेप महाग असल्यामुळे पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. त्यामुळे हा इतिहास कागदांवरून आणि माणसांच्या तोंडून उभा करावा लागतो. हे काम लांबणीवर टाकू नये. १९७२ साली पंचविशीत असलेली मंडळी आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत.

प्रथम काळाची चौकट आखावी. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. दिल्लीनंतरचे ते देशातील दुसरे केंद्र. पुढल्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसू लागले. ही नोंद किरकोळ समजू नये. वरळीच्या स्टुडिओत तयार होणाऱ्या ‘आमची माती आमची माणसं’ या शेतीविषयक कार्यक्रमाचा प्रेक्षक कोण होता, हे प्रक्षेपकाचा टप्पा कळल्याशिवाय सांगता येत नाही. १९७६ साल तर दोनदा अधोरेखित करावे: १ जानेवारीला जाहिराती सुरू झाल्या आणि १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. त्याआधीची नेमणूकपत्रे, करारपत्रे आणि मानधनाचे कागद आकाशवाणीच्या नावाने शोधावेत, नाहीतर हाती काहीच लागत नाही. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला. मराठी कार्यक्रमांच्या दृष्टीने रंगीत चित्राच्या आगमनाइतकाच हा बदल मोठा होता, असे माझे मत आहे, आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावे.

चौकट झाली की जुन्या वर्तमानपत्रांकडे वळावे. ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘लोकसत्ता’ यांच्या जुन्या फायली कोठे पाहता येतील, याची चौकशी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ग्रंथालयांत करावी. आतल्या पानावरची दूरदर्शनच्या कार्यक्रमांची छोटी चौकट हे या इतिहासाचे सर्वांत भरवशाचे साधन आहे. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’, ‘चिमणराव’ यांपैकी कोणता कार्यक्रम कोणत्या वारी, किती वाजता आणि कशाच्या आधी किंवा नंतर होता, हे तिथे सापडते. प्रत्येक वर्षातील एक-दोन आठवडे पूर्ण उतरवून घेतले तरी मराठी, हिंदी आणि गुजराती यांच्या वाट्याला किती वेळ येत होता, हे स्पष्ट होते. मात्र छापलेला कार्यक्रम ऐन वेळी बदलत असे, हे ध्यानात ठेवावे.

मग मुलाखती. प्रसिद्ध चेहऱ्यांविषयी पुष्कळ छापून आले आहे. स्मिता पाटील चित्रपटांत येण्यापूर्वी इथे बातम्या वाचत असत, हे बहुतेकांना ठाऊक असते. आपण आधी कॅमेरामन, प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, नेपथ्याचे सुतार आणि शीर्षके हाताने रंगवणारे कलाकार यांना गाठावे. “तुमच्या आठवणी सांगा” असे मोघम विचारू नये. “बातम्या चालू असताना दिवा गेला तर तुम्ही काय करत होता?”, “शीर्षकाचे पुठ्ठे कॅमेऱ्यासमोर कोण बदलत असे?” असे विचारले की हातांना आठवू लागते, आणि जे कोणत्याही फायलीत नाही ते बाहेर येते. ज्येष्ठांकडे जाताना सोबत जुने छायाचित्र न्यावे. एका छायाचित्रातून मागे उभ्या असलेल्या पाच जणांची नावे मिळू शकतात.

प्रेक्षकांनाही वगळू नये. चाळीत एकाच घरी दूरचित्रवाणी संच आणि दारापर्यंत भरलेली खोली, ही आठवण गिरगावापासून परळपर्यंत ऐकायला मिळते. पण तिच्याबरोबर संच कधी घेतला, हेही विचारावे. त्या काळी संचाला परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ही पद्धत १९८५ मध्ये बंद झाली. परवान्याचे ते पुस्तक कपाटात सापडले, तर त्यावरील टपालाच्या शिक्क्यांवरून तारीख पक्की होते.

स्मृती पडताळूनच घ्यावी. सत्तरच्या दशकातला, म्हणजे रंगीत चित्र येण्याआधीचा, कार्यक्रम रंगीत पाहिल्याचे कोणी ठामपणे सांगितले, तर ते लगेच खोटे ठरवू नये. कृष्णधवल संचाच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा पडदा लावण्याची तेव्हा पद्धत होती, त्यामुळे सांगणाऱ्याने पाहिलेला रंग खरा असू शकतो. अशा वेळी सांगितलेले शब्द जसेच्या तसे ठेवून खाली आपला खुलासा जोडावा. तारखेसाठी किमान एक छापील पुरावा असावा. तो नसेल तर ‘सुमारे’ लिहावे.

प्रत्येक ध्वनिमुद्रणावर नाव, हुद्दा, ठिकाण आणि दिनांक त्याच दिवशी नोंदवावा, वापरासाठी लेखी संमती घ्यावी, आणि कौटुंबिक संग्रहातील छायाचित्रे तिथेच स्कॅन करून मूळ प्रती घरच्यांच्या हाती परत द्याव्यात.