शब्दामागे साठ पैसे

नोकरी सोडून घरून अनुवाद आणि लेखनाची कामं करायची ठरवली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, गॅसवाला आला की दार उघडायला कुणीतरी असेल." मला राग आला. पुढचे सहा महिने दार मीच उघडत होते, कारण दुसरं काम नव्हतं.

"मला लिहायला आवडतं, हे जमेल का?" असं विचारणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. आवडतं हे ठीकच, पण या धंद्यात स्वतःच्या मनातलं लिहायला क्वचितच मिळतं. माझं पहिलं काम ठिबक सिंचनाच्या माहितीपत्रकाचं. इंग्रजीतून मराठी, २,४०० शब्द, शब्दामागे साठ पैसे. म्हणजे १,४४० रुपये, आणि लागले चार दिवस. 'लॅटरल'ला, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीला, मी मोठ्या हौसेने 'पार्श्वनलिका' लिहिलं. तिकडून फोन आला, "ताई, शेतकरी लॅटरलच म्हणतो." मग मामाला फोन लावला, त्याच्या डाळिंबाच्या बागेत ठिबक आहे. फिल्टर कधी धुतो, नळीत क्षार साचले की ॲसिड कसं सोडतो, हे अर्धा तास ऐकलं आणि सगळं पत्रक पुन्हा लिहिलं. पैसे तेवढेच, पण तो अर्धा तास फार मजेत गेला. विषय आपला नाही, नाव छापून येणार नाही, तरी नेमका शब्द सापडेपर्यंत चैन पडत नाही, असं तुमचं होतं का? नसेल तर नोकरी सांभाळून रविवारी कविता लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

रोज २,००० शब्द, रुपया दर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पन्नास हजार! हे गणित मीही वहीच्या मागच्या पानावर मांडलं होतं. फुकट करून दिलेले नमुने, दरावरची घासाघीस, जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली फाइल आताच्या युनिकोडमध्ये आणताना फुटलेले रफार एकेक करून जोडणं, आणि नुसती वाट बघणं, हे त्यात धरलंच नव्हतं. पहिल्या वर्षी महिन्यातले जेमतेम दहा दिवस पैशाचे होते. आता तर मशीनने केलेला अनुवाद 'फक्त तपासून द्या' म्हणून निम्म्या दरात येतो. दोन पानं बघितल्याशिवाय त्याला हो म्हणू नका. कधी कधी नव्याने लिहिणं लवकर होतं. आणि दिवाळी अंकांवर घर चालत नाही. मजकूर पावसाळ्यात मागतात, मानधन कधी संक्रांतीला येतं, कधी नुसता अंकच येतो.

मला सगळ्यात जड गेलं ते पैसे मागणं. एकाकडे १८,००० रुपये सात महिने अडकले होते. फोन केला की "साहेब बाहेरगावी." मी तिसऱ्या फोनला रडकुंडीला आले, चौथा केलाच नाही. शेवटी सीए असलेल्या मैत्रिणीने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, करायला लावली. ती ऑनलाइन होते, फुकट. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशी नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नोंदणीआधीच्या त्या जुन्या बिलाला तिचा उपयोग नव्हता, पण आता प्रत्येक बिलाखाली नोंदणी क्रमांक आणि ही मुदत लिहिते. भांडावं लागत नाही, ती ओळच बोलते. (टीडीएसचे, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराचे, १० टक्के कापून आले तर घाबरू नका, रिटर्न भरताना ते हिशेबात धरले जातात.)

राजीनामा एवढ्यात देऊ नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत संध्याकाळी कामं घ्या. त्याच्याही आधी घरातल्या मिक्सरबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक काढा, दोन पानं मराठीत करा आणि घरात जे कोणी मिक्सर रोज वापरतं त्याला वाचायला द्या. ते जिथे अडखळतील तिथे पुन्हा लिहा, मग परत द्या. तिसऱ्या खेपेला कंटाळा येतो की चेव, ते बघा. मी लिहिलेल्या पहिल्याच ओळीला आईने चष्मा कपाळावर सरकवला होता. "पात्र-संच घट्ट बसवा? म्हणजे भांडंच ना गं?"